कोंड्याच्या डोंगरावरचा मामा

आमच्या घरात साबूत तांदूळ शिजायचा तो पाहुणा आला तरच. एरवी कनकी. धान भरडताना तांदळाचे जे तुकडे पडतात ती कनकी. तिचा भात गिजगोळा होतो, चव लागत नाही, पण पोट भरतं. वडील पवनीला दुसऱ्याच्या हातमागावर विणायचे. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि धाकटी बहीण अजून आईच्या मांडीवर होती. आईने भाड्याची खोली सोडली, एक पत्र्याची पेटी आणि दोन पोरी घेऊन ती साकोली तालुक्यातल्या एकोडीला आपल्या भावाच्या दारात येऊन उभी राहिली. भाऊ राइस मिलवर कामाला. त्याची स्वतःची दोन लेकरं, एकच खोली, वर कवेलूचं छप्पर. त्याने काही विचारलं नाही. ‘पेटी अंदर ठेव, पोरी भुकेल्या असतीन,’ एवढंच बोलला आणि आधी माझ्या, मग बहिणीच्या पायांना हात लावून त्याने तो कपाळाला लावला. आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीला तो मान असतो, म्हणून तर मी त्याला जन्मभर अरे-तुरे करू शकले. पण ज्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीचं जेवण नाही अशा दोन पोरींच्या पाया कुणी पडतं, हे मला तेव्हाही नवल वाटलं होतं आणि आजही वाटतं.

तो माझा केवळराममामा गेल्या महिन्यात गेला. मी साकोलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सकाळी मैदानावर पोरींची कवायत चालू होती आणि शेवंतामामीचा फोन आला. ‘चहा मांडला होता माय मी. कप घेऊन गेली त…’ मी शिट्टी वाजवली, पोरींना ओळीत वर्गात पाठवलं आणि मगच खाली बसले. आता काही आठवडे झाले आहेत, म्हणून लिहिते आहे. कारण जिथे बर्फ म्हटलं की लोकांना गोळेवाला आठवतो, तिथे या माणसाने एका अख्ख्या गावाला बर्फावरच्या खेळाचं वेड लावलं. हे कसं झालं ते नीट सांगणारी मीच उरले आहे.

सुरुवात लाइन जाण्यापासून झाली. आमच्याकडे दुपारी थ्री फेज जायची, त्यामुळे मिल बंद पडायची. पण सिंगल फेज चालू असायची, त्यामुळे ऑफिसातला टीव्ही चालायचा. सेठ जेवायला घरी गेला की हमाल, मामा, धान घेऊन आलेले लोक सगळे टीव्हीपुढे. मी सातवीत होते, शाळा सुटली की मामाचा डबा आणायला जायचे. अशाच एका माघातल्या दुपारी कुणीतरी चॅनल बदलता बदलता थांबलं. पांढराफेक डोंगर, आणि पायांना लांब फळ्या बांधलेला एक माणूस त्यावरून वाऱ्यासारखा खाली येत होता.

मामा उठून टीव्हीजवळ गेला. ‘अरे, हा त कोंड्यावर घसरून राहिला!’

‘कोंडा नोय बाप्पा तो, बर्फ हाय,’ दौलत म्हणाला. दौलत मिलचा हमाल, मामाचा दोस्त आणि गावातला सगळ्यात तिखट माणूस.

‘असंन बर्फ. त्याचे गुडघे पाह्य. आपन ढिगावरून टोपली घेऊन उतरतो, तसाच उतरून राहिला का नाई?’

ज्यांनी राइस मिल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. धानाचं टरफल म्हणजे कोंडा. मिलच्या मागे त्याचा ढीग साठतो, घराहून उंच. कोंडा वजनाला हलका आणि काचेसारखा गुळगुळीत. त्यावर पाय ठेवला की तुम्ही खाली, पुन्हा ठेवला की पुन्हा खाली. मामाचं अर्धं आयुष्य त्या ढिगावर चढण्या-उतरण्यात गेलं होतं. टीव्हीवरच्या त्या गोऱ्या माणसाकडे पाहून आम्हाला थंड प्रदेश दिसला, मामाला आपलं रोजचं काम दिसलं.

आठ दिवसांत त्याने फळ्या बनवल्या. हिरवा बांबू उभा चिरला, तीन-तीन पट्ट्या जोडून एकेक फळी केली, गुळगुळीत पाठ खाली. धान उकडायच्या टाकीच्या वाफेवर टोकं धरून ती वर वाकवली. पाय अडकवायला मशीनच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे ठोकले. आणि खालून टोरीचं तेल. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, बोटाने फासता येतं. गावतलावाच्या पाळीचा, म्हणजे मातीच्या बांधाचा, एक उतार त्याने निवडला, सेठला विचारून दहा-बारा बैलबंड्या कोंडा आणून तो उतारावर पसरला. पहिल्या दिवशी सगळं गाव पाहायला आलं होतं. मामा वरून निघाला, अर्ध्यात आला आणि दोन्ही फळ्या आपापल्या वाटेने गेल्या.

‘केवळ्या, बर्फ पायजे त लग्नाच्या मांडवातली लादी आन न बाप्पा, कोंडा कायले नासवतं?’ दौलत खालून ओरडला. लोक पोट धरून हसले. मामा कानातला कोंडा काढत उठला आणि पुन्हा वर चढला. त्या संध्याकाळी कितव्यांदा तरी तो तलावाच्या काठापर्यंत न पडता आला. तिथे दौलतच उभा होता. मामा त्याला म्हणाला, ‘मी उभा आलो का पडलो? सांग.’

‘उभा आला,’ दौलतला म्हणावं लागलं.

तिथून ते वाक्य गावाचं झालं. हिवाळी ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं. तेव्हा दुपारी मिलच्या ऑफिसात जागा मिळायची नाही, टीव्ही बाहेर ओट्यावर काढावा लागायचा. कॉमेंट्री इंग्रजी. मामा तिचा आवाज बंद करायचा आणि स्वतः बोलायचा. ‘हा मांगं रेलला… आता जाते पाह्य… गेला! उठ रे बाप्पा, उठ.’ कोण कोणत्या देशाचा याच्याशी गावाला काही घेणं नव्हतं. उभा आला की टाळ्या, पडला की हळहळ. पहिल्या दिवशीच्या संचलनात आपला झेंडा घेऊन मोजकीच माणसं चालताना दिसली तेव्हा गावातली राधाबुढी कळवळली, ‘एवढेसेच? याइच्या संग कोनीच नाई आलं काय? पोराइले जेवू त घातलं असंन न?’ आपला खेळाडू यादीत खालून शोधावा लागायचा. मामाला त्याचं काही वाटायचं नाही. ‘नंबर मंग पाहू. उभा आला का नाई ते पाह्य.’

पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचायचं काम माझं. ‘भाची, काय लिवलं हाय ते वाच.’ मला यायचं नाही, म्हणून मी शब्द वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारून मामाला सांगायचे. बाकीच्या पोरी इंग्रजीत नापास होत होत्या तेव्हा मी त्या वहीच्या जोरावर पास झाले. माझ्या दोन्ही घराण्यांत मी पहिली पदवीधर आहे. लोक विचारतात, कुणाची शिकवणी होती? मी सांगते, राइस मिलची.

आणखी एक प्रश्न लोक अजून विचारतात. जिथे बर्फ पडत नाही तिथे हे कशाला? मी सरळ उत्तर देते. आमच्याकडे क्रिकेटचं मैदानही नाही. धान कापलं की पोरं रिकाम्या बांधीत, त्या धानाच्याच शेतात खेळतात, मध्ये बांधाचा धुरा आला तर धुऱ्यावरून उडी मारून झेल घेतात. त्यांना कुणी विचारत नाही की मैदान नसताना क्रिकेट कशाला. घसरणं कुठेही असतं, आणि न पडता खाली येण्याची हौस कुणालाही असते. ती हौस कोंड्यावरही भागते हे मामाने दाखवलं, एवढंच.

पण त्याच्या मनात एवढंच नव्हतं. एकोडीचं कुणीतरी खऱ्या बर्फावरून उभं खाली यावं, ही त्याची खरी आस होती. स्वतःचं वय निघून गेलं हे त्याला कळत होतं. त्याची दोन्ही मुलं या नादाला लागली नाहीत. उरले मी. मी पाळीवरून घसरत मोठी झाले होते, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना नोटीस लागली, हिमाचलात बर्फावरच्या स्कीइंगचं शिबिर. निवड झाली. निघताना मामा स्टँडवर आला. त्याने सगळ्यांसमोर माझ्या पाया पडून हातात एक शिशी ठेवली. टोरीचं तेल, गळ्यापर्यंत भरलेलं. ‘बांबूले लागते, त्याइच्या फळ्याइले बी लागंन. आन मांगं रेलजो. समोर झुकली का गेली समज.’

बर्फ पहिल्यांदा पायाखाली आला तेव्हा तो कोरड्या पिठासारखा करकरला. मी मनात म्हटलं, हे तर सोपं आहे. माझ्यासोबतच्या पोरी मोठ्या शहरांतल्या होत्या, त्यांना फळ्यांवर उभंही राहता येत नव्हतं. मी उभी राहिले. पहिल्या उताराआधी मी गुपचूप शिशी काढली. तेल दगड झालं होतं. शिशी काखेत धरून थोडं सैल केलं आणि दोन्ही फळ्यांना फासलं. चार हात गेले असेन, नसेन… तेल गोठलं आणि खाली बर्फाचे लाडू वळायला लागले. फळ्या जागच्या जागी थांबल्या, मी थांबले नाही. तोंडावर आपटले. शिकवणारे सर आले, फळी उलटी करून त्यांनी नखाने खरवडलं, वास घेतला. ‘ये क्या लगाया है? घी?’ सगळे हसले.

तेल पुसून टाकता आलं. मागे रेलायची सवय पुसता आली नाही. कोंड्यात फळीचं टोक रुततं, म्हणून मागे रेलावं लागतं. बर्फावर मागे रेललं की फळ्या तुमच्या हातात राहत नाहीत, पुढे झुकावं लागतं. ज्यांना काहीच येत नव्हतं त्या पोरी चार दिवसांत शिकल्या. मला येत होतं, म्हणून मला जमलं नाही. शेवटच्या दिवशी तीन संधी होत्या. मी तिन्ही वेळा पडले. हजर होते एवढाच कागद मिळाला.

साकोलीला बसमधून उतरले तर मामा, दौलत, मामी आणि मागे पंधरा-वीस लोक. मामाने दुसरं काही विचारलं नाही. ‘उभी आली का पडली?’

इतकी तोंडं माझ्याकडे पाहत होती… मी म्हणाले, ‘उभी आली.’

दौलतने टोपी उडवली. मामाने माझी बॅग खांद्यावरून घेऊन खाली ठेवली आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. लोकांना वाटलं, शिकलेली पोरगी लाजली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बॅग उचलून चालायला लागला.

खोटं बोलून मोकळी झाले असं मला वाटलं होतं. तसं होत नसतं. माझं लग्न झालं, साकोलीला नोकरी लागली, आणि इकडे एकोडीत मामाच्या उताराला बहर आला. आधी मुलगेच यायचे, माझ्यानंतर पोरी यायला लागल्या. मोबाइल आले, लोक मिलच्या ओट्याऐवजी हातातल्या पडद्यावर बर्फाचे खेळ पाहायला लागले, आणि आपल्या वंदनाने, म्हणजे मी, हे केलं आहे, असं एकमेकांना सांगायला लागले. वर्षानुवर्षांच्या धुळीने मामाची छाती भरली होती, तो मशीन सोडून घरी बसला होता, पण दुपारी पाळीवर खुर्ची टाकून हजर असायचा. एक दिवस मी गेले तर प्रणाली नावाची आठवीतली पोरगी खाली येत होती, फार सुंदर, माझ्याहून चांगली. आणि मामा खुर्चीतून ओरडत होता, ‘मांगं रेल! मांगं! वंदू बर्फावर अशीच आली होती!’

ही पोरगी उद्या बर्फावर जाईल आणि माझ्यासारखीच तोंडावर पडेल. मामाच्या चुकीमुळे नाही, माझ्या खोटेपणामुळे. पोरी घरी जाईपर्यंत मी थांबले. मग त्याच्या खुर्चीजवळ कोंड्यातच बसले.

‘मामा, मी उभी नवती आली. तिन्ही बार पडली.’

तो तलावाकडे पाहत होता. ‘मालूम हाय मले.’

‘कवापासून?’

‘तू स्टँडवर पाय मांगं घेतले तवापासून. आन घरी आल्यावर तुनं शिशी परत फडताळात ठेवली न? दोन बोटं कमी होती फक्त. तू रोज उभी आली असती त शिशी रिकामी आली असती.’

‘मंग बोलला काहून नाई?’

‘तू सांगशीन म्हनलं… लय वर्सं लावले तुनं.’ त्याला दम लागला, तो थांबला. ‘मले वाटलं, नवी जागा, भेली असशीन. भेनारा माणूस पडतेच. त्याचं काय एवढं?’

‘भेली नाई जी. मांगं रेलली म्हनून पडली. बर्फावर समोर झुका लागते. तेल बी चालत नाई. आपलं सारंच उलटं हाय, मामा.’

आता मात्र त्याने मान वळवली. मी पडले हे त्याला माहीत होतं. का पडले हे नव्हतं. इतक्या वर्षांचं त्याचं शिकवणं चुकलं होतं, आणि ते कळू न देणारी मी होते. तो रागावला असता तर बरं झालं असतं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो उठला. मग म्हणाला, ‘फळ्या आन.’

‘आता? तुले दम लागून राहिला!’

‘आन म्हनलं न.’

चढण अर्धीच, मी हात धरलेला. सत्तरीला टेकलेल्या माझ्या मामाने बांबूच्या फळ्या पायांना अडकवल्या, आयुष्यात पहिल्यांदा पुढे झुकला, आणि टोकं रुतून सरळ कोंड्यात तोंडावर गेला. मी धावले. तो उपडा पडल्या पडल्या हसत होता, दाढीत कोंडा. ‘कोंडा जाड हाय,’ म्हणाला. ‘कोंड्याची गलती हाय, झुकन्याची नोय.’

दुसऱ्या दिवशी त्याने उतार उपसायला लावला. मिलमधला जुना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, शिवून त्याचा लांब पट्टा केला, तो ओला करून उतारावर ताणून खुंट्या ठोकल्या आणि वर फक्त बोटभर कोंडा भुरभुरला. आता टोक रुतेना, पुढे झुकता येऊ लागलं. मग त्याने पोरींना एका ओळीत बसवलं आणि सांगितलं, ‘मी तुमाले चुकीचं शिकवलं. आता वंदूबाई शिकवंन. तिले पडन्याचं मालूम हाय.’ दौलत बाजूलाच होता. माझं खोटं त्या क्षणी गावासमोर उघडं पडलं. तो टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहत होते. तो म्हणाला, ‘तरीच! मी म्हनो, एकोडीची पोरगी पैल्या बारीत उभी येतेच कशी?’ झालं. गावाने मला एवढ्यावर सोडलं.

दोन हिवाळे आम्ही बारदान्यावर घसरत काढले. यंदाच्या हिवाळ्यात चार पोरी घेऊन मी त्याच शिबिराला गेले. गाव पाठीशी होतं; जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये माझी नणंद राहते, तिने शेजारपाजारहून स्वेटर आणि कोट जमवले. निघताना मामाने कुणालाही शिशी दिली नाही. शेवटच्या दिवशी सरांनी मला विचारलं, ‘मॅडम, आप भी?’ मी हो म्हणाले. आधी प्रणाली गेली, मग बाकीच्या तिघी, एकेक करून. सगळ्यांत शेवटी मी. पुढे झुकले. वारा कानात शिरला, डोळ्यांना पाणी आलं, आणि मला पायाखाली पाळ आठवली… खाली पोचले तेव्हा प्रणाली माझा मोबाइल माझ्यावर धरून ओरडत होती, ‘मॅडम, मामा पाहून राहिला!’ पडद्यावर मामीच्या हातातला फोन हलत होता आणि त्यात मामाचा अर्धा चेहरा. तो काय बोलला ते नेटवर्कने खाल्लं.

परत आलो तेव्हा तो स्टँडवर येऊ शकला नाही. घराच्या ओट्यावर बसला होता. चौघी पोरींच्या मागून मी गेले. त्याने विचारलं नाही, त्याने पाहिलं होतं. तो खाटेचा आधार घेत उठला आणि वाकायला लागला. मामी म्हणाली, ‘राहू द्या न, दम लागते तुमाले.’ त्याने ऐकलं नाही. त्याचा हात माझ्या पायांपर्यंत यायला फार वेळ लागला. या वेळी मी पाय मागे घेतले नाहीत.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. बांबूच्या त्या पहिल्या फळ्या मिलच्या भिंतीला टांगल्या आहेत; सेठने वर दिवा लावला आहे, मामाला तो आवडला नसता. शिशी मी मामीकडून मागून आणली. शाळेत माझ्या टेबलावर असते, दोन बोटं कमी. थंडी पडली की आत तेल थिजतं, ऊन चढलं की पुन्हा वाहायला लागतं. पाळीवर दुपारी दौलत खुर्ची टाकून बसतो आणि ‘समोर झुक, समोर!’ असं ओरडतो. पोरी खाली आल्या की त्याच मोठ्याने सांगतात, उभी आली की पडली.

एकोडीच्या चार पोरी आणि त्यांची शिक्षिका बर्फाच्या डोंगरावरून खाली आल्या. पाचही जणी उभ्या आल्या.